राळेत अडकलेली पांढरी माशी

भाताची आवणी उरकली, की आपल्या घोटी परिसरात टोमॅटोकडे लक्ष जाते. झाडाला हात लागताच पिठाची चिमूट उधळावी तसे काहीतरी पांढरे उडते. ती पांढरी माशी. पुढे काही झाडांची पाने वळतात, झाड खुजे राहते आणि लावणीचा खर्च अंगावर येतो. बचत गटाच्या बैठकीत हे दुखणे आपण नेहमी ऐकतो. आज याच माशीची एक फार जुनी गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

आधी तिची ओळख करून घेऊ. नाव माशी असले तरी ती माशी नव्हे. घरातल्या माशीला दोन पंख असतात, हिला चार. ही मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकणाच्या गोतातली. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे राईच्या दाण्याएवढीही नाही. पंखांवर मेणाची पांढरी पूड असते. सुईसारख्या सोंडेने ती पानातला रस ओढते. रोगट झाडाचा रस पिऊन ती निरोगी झाडावर बसली, की रोगाचा विषाणू तिथे पोचतो. पाने वळण्याचा रोग असाच पसरतो.

एवढा नाजूक जीव मेला की दोन दिवसांत मातीत मिळतो. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीची पांढरी माशी आज पाहायला कशी मिळते? झाडाच्या राळेमुळे.

बाळंतिणीच्या लाडवात आपण डिंक घालतो आणि धुपात राळ. दोन्ही झाडातूनच पाझरतात, पण फरक मोठा आहे. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. खोडावरून ओघळणाऱ्या चिकट राळेत किडा अडकला, वरून दुसरा ओघळ आला, की तो आत बंद होतो. ती राळ गाळाखाली गाडली जाते, तिच्यातले उडून जाणारे तेल निघून जाते आणि लाखो वर्षांत ती कडक, मधाच्या रंगाची होते. तिला तृणमणी म्हणतात. कापडावर घासला की हा मणी गवताची काडी ओढून घेतो, म्हणून हे नाव.

आपल्या कळसूबाईच्या काळ्या पाषाणात तृणमणी सापडत नाही. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्हारसाचा आहे. शेजारच्या गुजरातमध्ये मात्र, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत तो मिळाला. पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथे साल वृक्षाच्या कुळातली झाडे होती, त्यांची ही राळ. भारतीय, जर्मन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे १५० किलो तृणमण्यांत त्यांना सातशेवर कीटक आणि कोळी मिळाले. त्यांत मुंग्या, वाळवी आणि मधमाश्याही होत्या.

राळेतल्या सर्वांत जुन्या पांढऱ्या माश्यांपैकी काही लेबनॉन देशात सापडल्या. त्यांचे वय सुमारे १२ ते १३ कोटी वर्षे. म्हणजे कळसूबाईचा खडक तयार झाला, त्याच्या जवळजवळ दुप्पट आधी ही माशी झाडांचा रस पीत होती. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते, माणसाचा पत्ताही नव्हता. १९७० मध्ये डीटर श्ले या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांतल्या दोन जातींचे वर्णन करून त्यांना नावे दिली: हाइडिया क्रेटासिका आणि बर्निया निओकोमिका.

वर्णन करायचे म्हणजे काय करायचे? मणी घासून इतका पातळ करतात की आतला कीटक स्वच्छ दिसावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पंखांच्या शिरा, मिशांचे सांधे, डोळे, पाय पाहायचे, मोजायचे, चित्र काढायचे आणि माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहायचे. कुठल्याच जातीशी जुळले नाही, तर नवे नाव द्यायचे. तो नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. उद्या कोणाला शंका आली, तर तिने स्वतः पाहून खात्री करावी, हा त्यामागचा हेतू.

यात एक पेच आहे. आजच्या पांढऱ्या माशीची जात ओळखतात ती बहुधा तिच्या पिल्लाच्या शेवटच्या अवस्थेवरून. पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला चिकटून जागीच बसतात. राळेत सापडते ती मात्र बहुतेक वेळा उडणारी, वाढलेली माशी. म्हणजे एका बाजूला लेकरांचे फोटो आणि दुसऱ्या बाजूला आयांचे, आणि त्यावरून नाते जुळवायचे. म्हणूनच हे काम सावकाश चालते.

याचा आपल्याला उपयोग काय, असे कोणी विचारेल. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाची भागात नारळावर एक नवी पांढरी माशी दिसली. शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहून तिची जात ओळखली. ओळख पटल्यामुळेच तिच्या पिल्लांत अंडी घालणारा एन्कार्सिया नावाचा बारीक मित्रकीटक कामी आला. शत्रूचे नाव कळले, तर त्याचा शत्रूही शोधता येतो. न ओळखता मारलेली फवारणी त्या मित्रालाही मारते आणि पैसेही घालवते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. फवारणीचा विचार करण्याआधी दहा झाडांची पाने उलटून पाहा. माशी किती, चिकटलेली पिल्ले किती, ते गटाच्या वहीत लिहा. रोपांवर बारीक नायलॉन जाळी घाला, शेतात पिवळे चिकट सापळे लावा. पाने वळलेले झाड बरे होत नाही, ते उपटून गाडून टाका. तेरा कोटी वर्षे टिकलेला हा जीव एका बाटलीने संपणार नाही. पान उलटून बघणारी नजर मात्र आपल्याकडे आहे. वही घेऊन पुढच्या बैठकीला या.