करावेच्या गॅलरीत जिरेनियम

पिरेनीजच्या खडकांत वाढणारं अल्पाइन जिरेनियम करावे गावात लावायचा हट्ट धरू नये. त्याला थंडीची विश्रांती लागते, ती खाडीकाठी कुठून आणणार? आपल्या नर्सरीत ‘जिरेनियम’ म्हणून मिळतं ते बहुधा पेलार्गोनियम, मूळ दक्षिण आफ्रिकेचं. 1789मध्ये ते वेगळ्या वंशात गेलं, जुनं नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

दोघांचं दुखणं एकच: ओले पाय. जूनच्या झडीत देठ मातीलगत काळा पडतो, बोटाने दाबला की पचकन आत जातो. तेवढं झालं की औषधं फवारू नयेत. वरचा निरोगी शेंडा कापून नव्या, कोरड्या मिश्रणात लावावा. नर्सरीतलं रोप नुसत्या कोकोपीटमध्ये असेल तर आणल्यावर ते मिश्रण बदलावं. माती, शेणखत, आणि विटांचा चुरा सढळ हाताने. कुंडीखालची बशी आधी काढा!

मे महिन्यात पानं पिवळी पडतात, कळ्या येत नाहीत. तो उकाड्याचा राग. खत घालून जात नाही. दुपारची सावली द्यावी. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण वाऱ्यावर ठेवावी. फुलं पाहायची ती डिसेंबर-जानेवारीत.