नाव चुकलं, रेघ चुकली नाही

लंडनच्या थेम्स नदीचा दक्षिण काठ म्हणजे बँकसाइड. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचं ‘ग्लोब’ नाट्यगृह इथलंच. आज नदीकाठी दिसणारं गवती छपराचं ग्लोब १९९७ मध्ये खुलं झालं. मूळ जागा तिथून जरा आत, पार्क स्ट्रीटवर. १९८९ मध्ये तिथे पायाचा थोडासा भाग सापडला. बाकीच्या जागेवर अँकर टेरेस ही जुनी, संरक्षित इमारत उभी आहे, त्यामुळे पुढे खणता आलं नाही.

म्हणून वेन्सेस्लाउस हॉलरच्या छापचित्राचं मोल फार मोठं. प्रागला जन्मलेला हा चित्रकार आज सदर्क कॅथेड्रल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढला आणि समोरची छपरं त्याने पेन्सिलीने टिपली. पुढे अँटवर्पला राहत असताना त्या रेखाटनांवरून त्याने लंडनचं लांबच लांब दृश्य सहा ताम्रपटांवर कोरलं. ते १६४७ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध झालं. तोवर पार्लमेंटने नाटकं बंद करून पाच वर्षं झाली होती.

चित्रात दोन गोल इमारती आहेत. एकीवर ‘ग्लोब’ लिहिलंय. दुसरीवर बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याच्या खेळाचं नाव आहे. ही नावं उलटसुलट पडली आहेत. मूळ रेखाटनात नावं नव्हतीच. ती घातली गेली लंडनपासून दूर. पण हॉलरच्या हाताने जे पाहिलं तेच काढलं. अस्वलाचं नाव असलेल्या इमारतीत रंगमंचावर त्रिकोणी माथ्याची जुळी छपरं आहेत आणि मधोमध कांद्याच्या आकाराची घुमटी. तेच खरं ग्लोब. माझ्या मते अभ्यासकांनी अक्षरांपेक्षा रेघांवर विश्वास ठेवला, हे फार योग्य झालं.

अर्थात हे दुसरं ग्लोब. पहिलं, १५९९ चं, १६१३ मध्ये ‘हेन्री आठवा’च्या प्रयोगात उडवलेल्या तोफेने गवती छपर पेटून जळालं. वर्षभरात त्याच पायावर नवं उभं राहिलं, या वेळी कौलारू. पाया तोच असल्यामुळे आजच्या प्रतिकृतीचा सुमारे शंभर फुटांचा व्यास ठरवतानाही हॉलरच्या रेखाटनाचा आधार घेतला गेला. प्रतिकृती मात्र पहिल्या ग्लोबची आहे. दुसरं पाहायचं असेल, तर या छापचित्रात अस्वलाच्या खेळाचं नाव शोधावं.