डोळ्यांचा श्वास

शरीरातील प्रत्येक पेशीला प्राणवायू रक्तातून मिळतो, असे आपण शालेय पुस्तकात शिकतो आणि पुढे जन्मभर ते मानून चालतो. ते बहुतांशी खरेही आहे. परंतु ज्या डोळ्यांनी आपण ते पुस्तक वाचतो, त्यांच्या अगदी दर्शनी भागाला हा नियम लागू पडत नाही. आरशासमोर उभे राहून डोळ्याकडे नीट पाहावे. पांढऱ्या भागावर बारीक तांबड्या रेषा दिसतात. मधल्या काळ्या वा तपकिरी वर्तुळावर मात्र एकही दिसत नाही. त्या वर्तुळावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल म्हणतात. काही ग्रंथांत स्वच्छमंडल असाही शब्द आढळतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या, तर प्रत्येक दृश्य आपल्याला त्यांच्या आडून पाहावे लागले असते.

मग हे जिवंत आवरण श्वास कसा घेते? ते सरळ हवेतून घेते. पारपटलावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. हवेतील प्राणवायू त्या थरात विरघळतो आणि तेथून पारपटलात झिरपतो. साखर आदी पोषण मात्र मागच्या बाजूने, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात भरलेल्या पाण्यासारख्या द्रवातून येते. १९५२ साली स्मेल्सर आणि ओझानिक्स या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी माणसांच्या डोळ्यांवर घट्ट बसणारे चष्मे लावून त्यांत हवेऐवजी नायट्रोजन सोडला. नाकातोंडाने श्वास नेहमीसारखा चालू होता, रक्तात प्राणवायूची काहीही उणीव नव्हती. तरी काही वेळाने दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली. पारपटल सुजले होते.

ही सूज का येते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्राणवायू कमी पडला की पारपटलाच्या पेशी साखरेचे अर्धवट ज्वलन करतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साचते आणि ते पाणी ओढून घेते. हे पाणी उपसण्याचे काम पारपटलाच्या सर्वांत आतल्या बाजूची पेशींची एकेरी रांग अहोरात्र करीत असते. विहिरीवरची मोटच म्हणा ना! मात्र या पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. वयाबरोबर त्या घटतच जातात.

रात्री पापण्या मिटल्यावर हवेची वाट बंद होते. तेव्हा पापण्यांच्या आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्या पारपटलाला प्राणवायू पुरवतात, पण तो उघड्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच भरतो. त्यामुळे रोज सकाळी आपले पारपटल तीन-चार टक्के फुगलेले असते आणि जागे झाल्यावर तास-दोन तासांत पूर्ववत होते. निसर्गाने रात्रीची ही काटकसर सोसण्याची सोय ठेवली आहे. त्याहून अधिकची नाही. म्हणूनच काँटॅक्ट लेन्स घालून झोपणे घातक ठरते. मिटलेल्या पापणीखाली आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू लेन्समुळे आणखी अडतो, वरचा थर दुबळा होतो आणि जंतूंना वाट मिळते. दीर्घकाळ उपासमार झाली, तर कडेच्या रक्तवाहिन्या प्राणवायू पोहोचवण्यासाठी पारपटलात शिरू लागतात आणि तेथील पारदर्शकता नासवतात.

जुन्या कडक प्लॅस्टिकच्या लेन्समधून प्राणवायू मुळीच आरपार जात नसे. चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या अखेरीस प्राग येथील राहत्या घरी, मुलांच्या खेळण्यातील जोडणीचे भाग वापरून, पाणी शोषणाऱ्या मऊ लेन्स घडविण्याचे यंत्र तयार केले. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनयुक्त लेन्स आल्या आणि त्यांतून प्राणवायू कितीतरी अधिक प्रमाणात जाऊ लागला. महाविद्यालयात गेलेले आपले अनेक माजी विद्यार्थी आता लेन्स वापरतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, लेन्स कितीही महागडी असली तरी रात्री काढावी आणि ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये.

डोळ्यांना प्राणवायू मिळावा म्हणून बुबुळे गरगर फिरवण्याचे व्यायाम आणि नाना प्रकारचे थेंब सुचवणारेही पुष्कळ भेटतात. पारपटलाला यांतील कशाचीही गरज नाही. डोळे उघडे असावेत आणि पापण्यांची उघडझाप होत राहावी, एवढे त्याला पुरते. मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून पाहताना ही उघडझाप बरीच मंदावते आणि अश्रूंचा थर सुकतो. तक्रार करायचीच तर तेथे करावी.

रक्तवाहिन्या नसण्याचा एक मोठा लाभ आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था परक्या अवयवाला रक्ताच्या वाटेने गाठते. पारपटलात ती वाटच नसल्याने त्याचे रोपण इतर अवयवांच्या मानाने सहज स्वीकारले जाते. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी माणसातील पहिले यशस्वी पारपटल-रोपण केले, तेव्हा अवयव-प्रत्यारोपणाची औषधे जन्मालाही आलेली नव्हती. तो रुग्ण एक मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्याने भाजले होते. हा तपशील वाचून आम्ही थबकलो, कारण तंबाखूत मळण्याच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब हाताळताना ती फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना उडाल्याच्या घटना आपल्याकडे आजही घडतात. अशा वेळी तूप, मध, दूध काहीही न घालता तत्काळ स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान अर्धा तास डोळा धुवावा, पापणीत अडकलेले कण निघून जाऊ द्यावेत आणि मगच रुग्णालय गाठावे. येथे पहिली काही मिनिटे शस्त्रक्रियेहून मोलाची असतात.

नेत्रदानाविषयीही येथेच सांगितलेले बरे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पारपटल काढून घ्यावे लागते. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत मृताच्या पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती किंवा वय फार होते, म्हणून दान अडत नाही.

आतापर्यंत आपण डोळ्याच्या खिडकीपाशी होतो. मागच्या भिंतीवरचा कारभार अगदी उलट आहे. तेथे दृष्टिपटल असते, आणि वजनाच्या मानाने शरीरातील सर्वाधिक प्राणवायू खर्च करणाऱ्या भागांत त्याची गणना होते. त्याला हवा उपयोगी नाही. त्याला रक्तच लागते, आणि तेही दोन वाटांनी. आतल्या थरांना नेत्रमज्जेबरोबर डोळ्यात शिरणारी एक धमनी रक्त पुरवते. प्रकाश टिपणाऱ्या बाहेरच्या पेशी मात्र त्यांच्या मागे पसरलेल्या रंजितपटलावर जगतात. या रंजितपटलातून रक्त इतक्या जोराने वाहते की, ते डोळ्यातून परत निघते तेव्हाही त्यातील प्राणवायू फारसा कमी झालेला नसतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा प्राणवायूचा खर्च उजेडापेक्षा अंधारात जास्त असतो, हेही वाचकांना नवल वाटेल. आपण दिवा मालवून विश्रांती घेतो, तेव्हा त्या पेशी अधिक राबत असतात.

आतल्या थरांच्या त्या एका धमनीत गुठळी अडकली, तर वेदना काहीच होत नाही. एका डोळ्यापुढे अचानक अंधार पसरतो, एवढेच. दुखत नाही म्हणून माणूस सकाळची वाट पाहतो. दृष्टिपटल मात्र तोवर वाट पाहू शकत नाही, कारण काही तासांतच त्याची भरून न येणारी हानी होते. ही घटना अर्धांगवायूच्या झटक्याइतकीच गंभीर समजून त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे.

मधुमेहात हीच उपासमार सावकाश होते. सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागतात, बंद पडतात. भुकेलेले दृष्टिपटल नव्या वाहिन्या मागवणारी रासायनिक द्रव्ये सोडते; नव्या वाहिन्या येतात, पण त्या ठिसूळ असतात आणि फुटून डोळ्यात रक्त सांडते. लेझर उपचारात दृष्टिपटलाच्या कडेचा भाग जाणूनबुजून भाजला जातो, तो यासाठी की प्राणवायू मागणारी तोंडे कमी व्हावीत आणि मधली दृष्टी वाचावी. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाचे निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. दिसते आहे तोवर तपासणी कशाला, हा प्रश्न आम्ही पालकांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. दिसेनासे होते तेव्हा रोग जुना झालेला असतो.

प्राणवायू अधिक झाला तरी बाधतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातील वाहिन्या कडेपर्यंत पोहोचलेल्या नसतात. १९४० आणि १९५० च्या दशकांत अशा बाळांना काचपेटीत सढळ हाताने प्राणवायू दिला जाई, आणि जगभर हजारो बालके अंध झाली. प्राणवायू मुबलक मिळताच वाहिन्यांची वाढ थांबे आणि नंतर त्या वेड्यावाकड्या फुटत. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कँपबेल यांनी हा संबंध दाखवून दिला. आज प्राणवायू मोजून दिला जातो, तरी धोका संपलेला नाही. आपल्या देशात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावेत, असा दंडक आहे.

आता शेवटचा मुद्दा. तो विदर्भाशी नाते असलेल्या कुटुंबांना विशेष लागू आहे. सिकलसेल हा रक्तदोष तेथील आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजातही लक्षणीय प्रमाणात आढळतो. या दोषात तांबड्या पेशींमधला प्राणवायू कमी झाला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. दृष्टिपटलाच्या कडेच्या बारीक वाहिन्या त्यांमुळे तुंबतात. म्हणून या आजाराच्या रुग्णांनी, दृष्टी उत्तम असली तरी, ठरावीक काळाने नेत्रतपासणी करून घेतली पाहिजे.

ज्यांना वाहक म्हणतात, म्हणजे ज्यांच्या अहवालावर 'एएस' असे लिहिलेले असते, ते एरवी निरोगी असतात. त्यांनाही एका प्रसंगी जपावे लागते. क्रिकेटचा चेंडू किंवा विटी डोळ्यावर बसली की कधी कधी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचते. त्या कप्प्यातील द्रवात प्राणवायू कमी असतो. तेथे वाहकाच्या तांबड्या पेशीही वाकतात, द्रव बाहेर जाण्याच्या चाळणीत अडकतात आणि डोळ्यातील दाब चढतो. इतरांना सोसेल एवढ्या दाबानेही अशा मुलाच्या नेत्रमज्जेला इजा होऊ शकते. शिवाय दाब उतरवण्यासाठी नेहमी दिले जाणारे एक औषध, ॲसिटॅझोलामाइड, सिकलसेलमध्ये उलटू शकते. म्हणून डॉक्टरांना हे आधी कळणे आवश्यक असते.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचे आई-वडील त्या वेळी मैदानावर नसतात. तेव्हा प्रवेशाच्या वेळीच मुलाची सिकलसेल तपासणी झालेली असावी आणि आरोग्यपत्रिकेत रक्तगटाच्या शेजारी तिचा निष्कर्ष लिहिलेला असावा, असे आम्हांस वाटते. ही नोंद अधीक्षक, परिचारिका व क्रीडाशिक्षक यांच्यापुरतीच राहावी. सोयरिकीच्या बैठकीत तिची चर्चा होण्याचे कारण नाही. डोळ्याला मार लागलेल्या मुलाला डोळा चोळू देऊ नये, दाबून पट्टी बांधू नये, ॲस्पिरिन देऊ नये. त्याला उशाला टेकवून बसते ठेवावे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे आणि ती आरोग्यपत्रिका सोबत घ्यावी.