भाड्याचे घर आणि दुरुस्तीची जबाबदारी

भाड्याच्या घराचे छप्पर गळू लागले, भिंतींना ओल आली अथवा जिन्याची पायरी खचली, की दुरुस्ती कोणी करावयाची हा वाद उभा राहतो. भाडे घेतो त्याने घर सांभाळावे, असे भाडेकरू म्हणतो. मिळणाऱ्या भाड्यात कौलेसुद्धा बदलता येत नाहीत, असे मालकाचे उत्तर असते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्यामुळे कायद्याला या वादात मर्यादा आखून द्याव्या लागल्या.

या दृष्टीने जबलपूरचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचे ठिकाण झाले. या राज्याने १९६१ मध्ये जागा नियंत्रणाचा अधिनियम केला. भाड्याने दिलेली जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य होय, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

कर्तव्य पाळले न गेल्यास काय करावे, याच्या दोन पायऱ्या अधिनियमाने सांगितल्या. पहिली अशी की, भाडेकरूने मालकास लेखी सूचना द्यावी. वाजवी मुदतीत काम न झाल्यास त्याने ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या बाराव्या हिश्शाहून अधिक नसावी. दुसरी पायरी, ज्या दुरुस्तीवाचून घरात राहणेच दुष्कर होते तिच्यासाठी होती. तेव्हा खर्चाचा अंदाज जोडून भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. त्याने मालकाचे म्हणणे ऐकून परवानगी दिल्यास वर्षाच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत वजावट करता येई.

दरमहा १०० रुपये भाडे असेल, तर पहिल्या पायरीवर वर्षाला १०० आणि दुसऱ्या पायरीवर ६०० रुपये हाती येतात. म्हणजे भाडे जितके जुने व कमी, तितका दुरुस्तीचा हक्कही तोकडा. स्वस्त भाड्याची ही दुसरी बाजू भाडेकरूच्या ध्यानात बहुधा उशिरा येते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सूचनेची मुदत १५ दिवस आणि वजावटीची मर्यादा वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा अशी ठरविली.

काही वेळा प्रश्न किरकोळ डागडुजीपुरता राहत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर परिसरात भूकंप झाला आणि कित्येक घरांना तडे गेले. अशा आपत्तीत घर कायमचे निरुपयोगी झाल्यास भाडेपट्टा संपुष्टात आणावा की नाही, याची निवड १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने भाडेकरूकडे ठेवली आहे. याउलट घर धोकादायक झाले आहे, म्हणून दुरुस्तीसाठी ते रिकामे करून मिळावे, अशी मागणी मालकालाही १९६१ च्या अधिनियमाने करता येई. याच भीतीने अनेक जण तक्रार करण्याचे टाळतात. परंतु असा आदेश देताना, दुरुस्तीनंतर परत राहावयास यावयाचे आहे काय, हे न्यायालयाने भाडेकरूला विचारणे आणि त्याची इच्छा आदेशात नमूद करणे या अधिनियमाने आवश्यक ठरविले होते. या प्रश्नाला उत्तर न देता जो घर सोडतो, त्याचा परतीचा मार्ग बिकट होतो.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. घर नादुरुस्त आहे म्हणून भाडे देणेच थांबविणे हा उपाय नव्हे. कायद्याने ठरविलेली वजावट वेगळी आणि थकबाकी वेगळी. मागणीची सूचना मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी न भरणे हे १९६१ च्या अधिनियमात घर खाली करविण्याचे एक कारण होते. तेव्हा गळक्या छपराखालचा भाडेकरू न्याय्य तक्रार असूनही स्वतःच दोषी ठरत असे. म्हणून सूचना लेखी द्यावी, तिची प्रत व पोच जपावी, खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात आणि उरलेले भाडे वेळेवर देत राहावे.