पडद्यावरील मजकुरास अर्थाच्या खुणा

व्याख्यान चालू असतां पडद्यावर चित्रें व मजकूर दाखविण्याची चाल जुनीच आहे. पूर्वीं जादूच्या कंदिलांत कांचेच्या पट्ट्या सरकवीत. आतां तें काम संगणक करतो, पण 'स्लाइड' हें नांव कायम राहिलें आहे. शाळेंतील मुलेंहि अशा स्लाइड्स हौसेनें तयार करतात. शीर्षक उठून दिसावें म्हणून अक्षरें मोठीं करावयाचीं, त्यांस तांबडा रंग द्यावयाचा, एवढ्यानें बहुतेकांचें समाधान होतें.

डोळसांस तें पुरतेंहि. परंतु वर्गांतील एखादा अंध विद्यार्थी तीच स्लाइड 'स्क्रीन रीडर' या वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीकडून ऐकूं लागला, तर नुसत्या मोठ्या अक्षरांवरून शीर्षक कोणतें हें तिला खात्रीनें कळत नाहीं. शीर्षकास शीर्षक अशी खूण असेल, तर तो विद्यार्थी एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेऊन हवें तें स्थळ गांठूं शकतो. नसेल तर सर्व मजकूर प्रारंभापासून ऐकत बसणें त्याच्या नशिबीं येतें.

वेबची पानें ज्या एच्.टी.एम्.एल्. भाषेंत लिहितात, तींत या खुणांची सोय आहे. हें शीर्षक, ही यादी, हा परिच्छेद, असें प्रत्येक भागाचें स्वरूप सांगावयाचें. रंगरूपाचे नियम मात्र सी.एस्.एस्. या निराळ्या भाषेंत ठेवावयाचे. ही दुसरी कल्पना हाकोन व्यूम ली यांनीं १९९४ सालीं मांडली. तिच्या आधारें एरिक मेयर यांनीं २००४ मध्यें 'एस्-फाइव्ह' ही स्लाइड्सची पद्धति सिद्ध केली. तींत सर्व स्लाइड्स एकाच फाइलींत असतात व प्रत्येक भागावर 'स्लाइड' अशी खूण असते. विस्तृत टिपणास 'हँडआउट' ही खूण लावली, कीं तें पडद्यावर लपतें आणि कागदावर छापतांना प्रकट होतें! व्याख्यान व टिपण दोनदां लिहिण्याचे श्रम त्यामुळें वांचतात. मुद्दे एकामागून एक दाखविण्याचीहि खूण तींत आहे. पण ती अर्थाची नव्हे, दाखविण्याच्या रीतीची आहे, म्हणून ती तडजोडच म्हटली पाहिजे.

नांवें ठेवतांनाहि हाच विवेक हवा. धोक्याच्या सूचनेस 'तांबडा' असें नांव दिलें आणि पुढें रंग बदलला, तर निळ्यास तांबडा म्हणण्याची पाळी येते; 'सूचना' हें नांव मात्र कोणत्याहि रंगांत खरेंच राहतें. चित्रास शब्दांत वर्णन जोडावें. चित्र केवळ शोभेचें असल्यास वर्णनाची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ व्यर्थ जात नाहीं.