लघुग्रहांची ओळख कशासाठी?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. भूकंप नेमका केव्हा होईल, हे सांगणे विज्ञानाला आजही शक्य झालेले नाही. आकाशातून येणारे संकट मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते वर्षानुवर्षे आधी कळू शकते आणि कदाचित टाळताही येते. लघुग्रहांकडे याने पाठविण्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

अशा संकटाची खूण मराठवाड्याच्या शेजारीच आहे. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. लातूर-नांदेडच्या बऱ्याच भागात जमिनीखाली असणाऱ्या काळ्या बेसॉल्ट खडकातच ते खोदले गेले आहे. एवढा खड्डा पाडणारा अशनी स्वतः मात्र विवराच्या मानाने फारच लहान होता.

येणाऱ्या लघुग्रहाला वाटेवरून ढळवायचे, तर तो अखंड खडक आहे की दगडगोट्यांचा सैल ढीग, हे आधी समजले पाहिजे. २००५ मध्ये जपानचे 'हायाबुसा' यान इटोकावा या लघुग्रहापाशी पोहोचले, तेव्हा तो असा ढीगच असल्याचे दिसले. २०२० मध्ये अमेरिकेच्या 'ओसायरिस-रेक्स' यानाने बेन्नूला स्पर्श केला, तेव्हा त्याचा पृष्ठभाग इतका सैल निघाला की यानाचा हात सहज आत गेला. तेथील १२१.६ ग्रॅम नमुना २०२३ मध्ये पृथ्वीवर आला.

प्रत्यक्ष धक्का देण्याचा प्रयोग २६ सप्टेंबर २०२२ रोजी झाला. 'डार्ट' हे यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटर आकाराच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. डिडिमॉस या मोठ्या जोडीदाराभोवती फिरण्यास त्याला ११ तास ५५ मिनिटे लागत. धडकेनंतर हा काळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला. आघाताने उडालेल्या दगडधोंड्यांनीही या धक्क्याला जोर दिला. त्या परिणामांची पाहणी करण्यासाठी युरोपचे 'हेरा' यान २०२४ मध्ये रवाना झाले.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटर अंतरावरून जाणार आहे. तो आदळणार नाही, हे गणिताने निश्चित झाले आहे. भीतीच्या जागी अशी खात्री देता येणे, हेच या मोहिमांचे आणि अखंड आकाशनिरीक्षणाचे मोल आहे. किल्लारीला अशी पूर्वसूचना मिळू शकली नव्हती.