बारा शब्दांची किल्ली

मोबाइलवर लिहिलेली नोंद बहुधा केवळ मोबाइलमध्ये राहत नाही. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तेथे अनेकदा कंपनीला वाचता येईल अशा रूपात साठते आणि इंटरनेट नसताना उघडेलच याची खात्री नसते. यावर उपाय म्हणून संगणक संशोधक मार्टिन क्लेपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ‘लोकल-फर्स्ट’, म्हणजे मूळ प्रत वापरणाऱ्याच्याच उपकरणावर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विचार मांडला. नोंदी आणि कामे लावून ठेवणारे एनीटाइप हे सॉफ्टवेअर याच वाटेवरचे आहे.

विदर्भातील शेगावात या विचाराचे मोल चटकन ध्यानात येते. येथून पंढरपूरला पायी निघणाऱ्या एखाद्या लहान मंडळाच्या यादीत वारकऱ्यांच्या घरचे फोन, कोणाला मधुमेह आहे, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या, शिधा किती उरला, असा तपशील असतो. तो खाजगी असतो आणि नेमकी रेंज नसलेल्या मुक्कामीच त्याची गरज पडते. एनीटाइपमध्ये व्यक्ती, मुक्काम, औषध यांच्या स्वतंत्र नोंदी करून त्या एकमेकींना जोडता येतात, आणि एकाच वाय-फायवरील उपकरणे इंटरनेटवाचून परस्परांशी थेट देवाणघेवाण करतात. यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात. दूरच्या उपकरणाकडे जाणारे बदल सर्व्हरमार्गे जातात खरे, परंतु फोनमधून निघण्यापूर्वीच ते सांकेतिक रूपात बदललेले, म्हणजे एन्क्रिप्ट केलेले असल्याने सर्व्हर चालवणाऱ्यालाही मजकूर उमगत नाही.

विदर्भाला अशी व्यवस्था अगदीच नवी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. वाचण्याची किल्ली पंथीयांकडे आणि पोथ्या ठिकठिकाणच्या मठांत, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे वाङ्मय बाहेरच्यांना जवळजवळ अज्ञात होते. त्याच पंथातील ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवल्यावर ते स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले आणि त्याचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. प्रती अनेक असल्या की मेळ घालण्याचा प्रश्न येतोच. दोघांनी रेंज नसताना एकच यादी बदलली, तर असे सॉफ्टवेअर प्रत्येक बदल स्वतंत्र नोंदवून नंतर ठरावीक नियमांनी एकत्र करते. मात्र एकाच रकान्यात दोघांनी औषधाची वेगवेगळी मात्रा लिहिली असेल, तर खरी कोणती हे यंत्र सांगू शकत नाही, ते माणसानेच तपासावे लागते.

सर्वाधिक जपावयाची गोष्ट म्हणजे किल्ली. एनीटाइपमध्ये खाते उघडताना बारा इंग्रजी शब्दांची एक ओळ मिळते. ती हरवली आणि जुना फोनही गेला, तर कंपनीला नोंदी परत देता येत नाहीत, कारण तिच्याकडे किल्लीच नसते. म्हणून हे शब्द त्याच फोनमध्ये न ठेवता कागदावर, दोन निरनिराळ्या घरी ठेवावेत आणि फोनलाही कुलूप असावे, कारण उघडा फोन हाती लागलेल्याला या साऱ्या बंदोबस्ताची अडचण होत नाही. वारीची यादी सोपवण्याआधी महिनाभराचा किराणा किंवा भजनाच्या पाळ्या त्यात नोंदवाव्यात, आणि दुसऱ्या फोनवर बारा शब्द घालून सगळे परत मिळते का, हे घरीच पाहून घ्यावे.